प्रज्ञा आणि माउली : ख्रिस्ती विचारातील ईश्वराचे स्त्रीरूप

ख्रिस्ती धर्माविषयी आपल्याकडे एक समज फार पक्का आहे. त्या धर्मातला देव म्हणजे पिता, त्याने जगात धाडला तो पुत्र आणि तिसरा पवित्र आत्मा. म्हणजे तिन्ही नावे पुल्लिंगी. आपल्या देवघरात अन्नपूर्णा असते, जेजुरीस खंडोबाशेजारी म्हाळसा असते, नवरात्र आले की तुळजापूरची वाट माणसांनी फुलते. अशा मुलुखात वाढलेल्या माणसाला त्या दुसऱ्या घरात डोकावल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती ही की, या घरात बाईमाणूस कोठे दिसत नाही. कोणी म्हणेल, मरिया आहे की! परंतु मरियेला देवी म्हटलेले कोणत्याच पंथाच्या ख्रिस्ती माणसाला रुचत नाही. ती येशूची आई, अत्यंत पूज्य, पण मनुष्य. मग आपला समज खरा मानायचा काय?

माझ्या मते तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा भाग फार मनोरंजक आहे. शिवाय हा विषय आपल्यापासून दूर, रोमात किंवा जेरुसलेमात राहणारा आहे असेही समजू नये. बारामतीहून आगगाडीने दौंडला गेले आणि तेथून पुण्याच्या दिशेने निघाले की वाटेत केडगाव स्टेशन लागते. या प्रश्नाशी ज्या बाईचे सारे आयुष्य बांधलेले होते ती पंडिता रमाबाई त्याच केडगावात राहिली आणि तेथेच वारली. तिच्याकडे आपण शेवटी येऊ. आधी मूळ ग्रंथात काय आहे ते पाहू.

यहुदी लोकांचा जो जुना धर्मग्रंथ ख्रिस्ती लोकांनी जुना करार म्हणून आपलासा केला, त्यात नीतिसूत्रे नावाचे एक पुस्तक आहे. नावाप्रमाणे त्यात सुभाषितेच पुष्कळ. आळशाने मुंगीकडे पाहून शहाणे व्हावे, मऊ उत्तराने राग शमतो, अशा धर्तीची. पण पहिल्या नऊ अध्यायांत मधूनच एक स्त्री उभी राहते. ती चव्हाट्यावर, वेशीपाशी, जेथे रस्ते मिळतात तेथे उभी राहून लोकांना मोठ्याने हाका मारते. आठव्या अध्यायात ती आपली हकीकत सांगते : डोंगर नव्हते, समुद्राचे झरे फुटले नव्हते, पृथ्वीचा पाया घातला नव्हता, तेव्हापासून मी देवाजवळ आहे, तो सृष्टी घडवीत होता तेव्हा मी त्याच्यापाशी आनंदाने वावरत होते. नवव्या अध्यायात ती सात खांबांचे घर बांधते, जेवणाची सिद्धता करते आणि आपल्या दासींना गावाच्या उंच जागांवरून आमंत्रण द्यायला पाठविते. आमंत्रण पंडितांना नाही बरे का! जे भोळे आहेत, ज्यांना समज कमी आहे, त्यांनी यावे असे ते आमंत्रण आहे.

हिब्रू भाषेत तिचे नाव होखमा. ग्रीकांनी तिला सोफिया म्हटले. दोन्ही शब्द स्त्रीलिंगी. मराठी शास्त्रात मात्र या ठिकाणी ‘ज्ञान’ हा शब्द आला, आणि आपल्या भाषेत ज्ञान नपुंसकलिंगी! त्यामुळे मूळच्या वाचकाला जेथे हाक मारणारी बाई दिसे, तेथे मराठी वाचकाला एक गुण दिसतो. ‘प्रज्ञा’ हा शब्द वापरला असता तर ती बाई आपल्यालाही दिसली असती. भाषांतरकारांना दोष देण्याचा हेतू नाही. ज्ञान हा शब्द सोपा, घरोघर कळणारा, आणि प्रज्ञा जरा पोथीतला. या लेखापुरते मी तिला प्रज्ञाच म्हणतो.

येथे एक आक्षेप निघेल, आणि तो रास्त आहे. शब्दाचे लिंग म्हणजे वस्तूचे लिंग नव्हे. मराठीत टेबल नपुंसकलिंगी आणि खुर्ची स्त्रीलिंगी, म्हणून खुर्चीला कोणी बाई समजत नाही. हे खरे. परंतु नीतिसूत्रांच्या कर्त्याने व्याकरणावर भागविलेले नाही. त्याने तिला आवाज दिला, घर दिले, दासी दिल्या, आणि तिच्या समोर एक दुसरी भुलविणारी मूर्ख स्त्रीही उभी केली. पुढे ख्रिस्ताच्या आधीच्या एकदोन शतकांत यहुदी लोकांनी आणखी दोन ग्रंथ रचले : एक सिराखपुत्राचा आणि दुसरा शलमोनाच्या नावावर चालणारा प्रज्ञेवरचा. त्यांत तर ही स्त्री परात्पराच्या मुखातून निघते, साऱ्या पृथ्वीवर राहायला जागा शोधीत फिरते, आणि देवाच्या तेजाचा निर्मळ आरसा म्हणून वर्णिली जाते. कॅथॉलिक आणि पूर्वेकडील ख्रिस्ती पंथ हे दोन ग्रंथ शास्त्रात धरतात. प्रॉटेस्टंट धरीत नाहीत. आपल्या बाजूला, पुणे-नगर भागात, ख्रिस्ती धर्म मुख्यतः प्रॉटेस्टंट मिशनांकडून आला. त्यामुळे येथल्या पुष्कळ ख्रिस्ती घरांतही या बाईची पुरी ओळख नसते.

मग ही प्रज्ञा गेली कोठे? ती ख्रिस्तामध्ये विलीन झाली. करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने ख्रिस्ताला देवाची प्रज्ञा म्हटले. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी जो ‘शब्द’ आदीपासून देवाजवळ होता असे सांगितले आहे, त्याचे वर्णन पुष्कळसे या प्रज्ञेवरूनच घेतलेले आहे. फक्त ग्रीक ‘लोगोस’ हा शब्द पुल्लिंगी, आणि जो देह धारण करून आला तो पुरुष. बाईचे गुण पुत्राकडे गेले आणि बाई दृष्टीआड झाली. पुढे चौथ्या शतकात अरियस नावाच्या धर्मोपदेशकाने मोठा वाद उपस्थित केला, तोही याच आठव्या अध्यायावरून. ग्रीक भाषांतरात प्रज्ञा म्हणते की, देवाने मला आपल्या मार्गाच्या आरंभी निर्माण केले. निर्माण केले, तर मग पुत्र हाही निर्मितच, पित्याच्या बरोबरीचा नव्हे, असा अरियसच्या पक्षाचा युक्तिवाद. 325 साली निकाया येथे धर्मसभा भरून हे मत अमान्य झाले. पण गंमत पाहा : बाप आणि मुलगा यांच्या बरोबरीविषयीचा एवढा रणकंदनाचा वाद एका बाईच्या तोंडच्या वाक्यावरून चालला होता, आणि त्या बाईविषयी मात्र कोणी विचारीत नव्हते.

पवित्र आत्म्याची कथा याहून चमत्कारिक आहे. हिब्रूत आत्म्याला, म्हणजे श्वासाला किंवा वाऱ्याला, रूआह म्हणतात; तो शब्द बहुधा स्त्रीलिंगी चालतो. ग्रीकात तो नपुंसकलिंगी झाला, लॅटिनमध्ये पुल्लिंगी. मराठी ‘आत्मा’ही पुल्लिंगीच. परंतु येशूच्या बोलीला जवळची जी सुरयानी भाषा, तिच्यात ‘रूहा’ स्त्रीलिंगीच राहिला, आणि त्या भाषेतील आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांनी आत्म्याला सरळ आई म्हटले. चौथ्या शतकातील अफ्राहात नावाचा विरक्त लेखक म्हणतो की, जो अविवाहित आहे त्याला देव हा बाप आणि पवित्र आत्मा ही आई. पाचव्या शतकापासून ही रीत हळूहळू मागे पडली आणि शब्दाचे व्याकरण मोडूनसुद्धा आत्मा पुल्लिंगी लिहिला जाऊ लागला. हे दूरदेशीचे वाटेल. पण केरळातील जुन्या ख्रिस्ती मंडळींची उपासना अनेक शतके याच सुरयानी भाषेत चालत असे.

पूर्व रोमच्या साम्राज्यात प्रज्ञेला निदान एक मोठे घर मिळाले. सम्राट जस्टिनियनने कॉन्स्टँटिनोपल येथे 537 साली पुरे केलेले महामंदिर ‘हागिया सोफिया’, म्हणजे पवित्र प्रज्ञेचे. ते सोफिया नावाच्या कोणा संतिणीचे आहे असा समज आढळतो, तो चुकीचा. 1453 मध्ये त्याची मशीद झाली, 1935 मध्ये ते संग्रहालय म्हणून उघडले, आणि 2020 पासून ते पुन्हा मशीद आहे. रशियात नोव्हगोरोडच्या चित्रपरंपरेत ही प्रज्ञा लाल मुखाची, पंख असलेली, सिंहासनावर बसलेली दाखवितात. तिच्या एका बाजूला मरिया व दुसऱ्या बाजूला बाप्तिस्मा करणारा योहान. गेल्या दीडशे वर्षांत सोलोव्योव्ह आणि बुल्गाकोव्ह या रशियन विचारवंतांनी तिच्याभोवती पुरे तत्त्वज्ञान उभारले. ते तुम्ही त्रैक्यात चौथी व्यक्ती घुसविता असे म्हणून मॉस्कोच्या धर्मपीठाने 1935 साली बुल्गाकोव्हचे मत निषिद्ध ठरविले. म्हणजे हा प्रश्न अजून ताजा आहे.

पश्चिमेकडे प्रज्ञेपेक्षा आईची भाषा अधिक रुजली. तिलाही शास्त्राधार होताच. यशयाच्या पुस्तकात देव म्हणतो की, आई लेकराचे सांत्वन करते तसे मी तुमचे करीन. स्वतः येशू जेरुसलेमकडे पाहून म्हणतो की, कोंबडी आपली पिले पंखांखाली घेते तसे तुला जवळ घ्यावे असे मला कितीदा वाटले. याच धाग्याने अकराव्या शतकातील अँसेल्म हा बिशप येशूला आई म्हणून आळवितो. आणि इंग्लंडातील नॉर्विच येथे एका खोलीत स्वतःला कोंडून राहिलेली ज्युलियन ही साध्वी, जिला 1373 मध्ये साक्षात्कार झाले, ती तर येशूच्या आईपणाचे विवरण पानेच्या पाने करते. इंग्रजीत ग्रंथ लिहिणारी, आपल्याला माहीत असलेली ती पहिली स्त्री. तिच्या मते आई लेकराला दूध पाजते, येशू स्वतःलाच पाजतो.

हे वाचताना मराठी माणसाच्या ओठांवर एक शब्द आपोआप येतो : माउली. पुरुषाला आई म्हणण्याचे आपल्याला नवल नाही. आळंदीचे ज्ञानेश्वर पुरुष, पण त्यांचे नाव माउली. त्यांच्या पादुकांना आपल्या नीरा नदीत स्नान घडते तेव्हा काठावर हाच एक शब्द घुमतो. कमरेवर हात ठेवून उभा असलेला तो विठ्ठल, पण भक्तांची विठाई. तुकोबांची पालखी बारामती-इंदापुरावरून जाते तेव्हा तिच्यामागे चालणाऱ्या कोणालाही असा प्रश्न पडत नाही की देव बाप की आई. युरोपला जो विचार एखाद्या कोंडून घेतलेल्या साध्वीच्या खोलीत जपावा लागला तो येथे वाटेवर चालतो.

ख्रिस्ती धर्म या भाषेत आला तेव्हा काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. पहिला मोठा प्रयत्न गोव्यात झाला. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री 1579 साली गोव्यास आला, मराठी शिकला आणि 1616 साली त्याने ख्रिस्तपुराण छापले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. आपला पुराणकार आरंभी शारदेला वंदन करतो. त्याच चालीवर स्टीफन्सने मंगलाचरण रचले आणि त्यात मरियेला नमन केले. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि ज्या राजसत्तेच्या छायेत तो वावरत होता ती देवळे पाडणारी होती, हे विसरून चालणार नाही. तरीही मराठीच्या ओवीत शिरल्यावर त्याला आईचा सूर लावावाच लागला.

लोकांनी पुढचे काम आपल्या पद्धतीने केले. म्हापशाच्या चर्चमधील मिलाग्रिस सायबिण ही शिरगावच्या लइराई देवीची बहीण, अशी गोव्यात श्रद्धा आहे. दोन्ही उत्सवांच्या वेळी एकीकडून तेल आणि दुसरीकडून फुले जाण्याचा परिपाठ आहे. वांद्र्याच्या टेकडीवरची मरिया तर मुंबईच्या कोळ्यांपासून पारशांपर्यंत सर्वांची मोतमाउली. सप्टेंबरातल्या तिच्या जत्रेत मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बाळे विकत मिळतात. ज्याचे जे दुखते त्याने ते वाहावे. शास्त्री मंडळी, तिकडची काय नि इकडची काय, अशा ठिकाणी जरा कानकोंडी होतात. मरियेला ‘देवाची जननी’ म्हणण्याचा निर्णय 431 साली इफिससच्या सभेत झाला खरा, पण तो येशूच्या देवपणाची खूण म्हणून, मरियेला देवी ठरविण्यासाठी नव्हे. टेकडी चढणाऱ्या बाईला हा फरक कितपत ठाऊक असतो, मला शंका आहे.

शास्त्रशुद्ध मार्गाने माउली हा शब्द ख्रिस्ताला लावला तो रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी. 1861 साली कोकणात जन्मलेला हा ब्राह्मण कवी 1895 साली ख्रिस्ती झाला आणि 1919 मध्ये वारला. मधला बराच काळ त्यांनी आपल्या शेजारच्या अहमदनगरात काढला. बाप्तिस्म्यामुळे संसार दुभंगला; पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे माहेरच्या माणसांत राहिल्या आणि मग परत आल्या, ती सारी हकीकत त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे आणि आपणांपैकी अनेकांनी वाचलेली असेल. टिळक म्हणत की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेलो. पुलावरून गेले तरी त्यांनी पूल मोडला नाही. ख्रिस्ताला गुरू आणि माउली अशा दोन्ही नात्यांनी हाक मारणारी त्यांची पदे मराठी चर्चमध्ये आजही गातात. प्रज्ञा म्हणजे शिकविणारी, माउली म्हणजे पोसणारी. नीतिसूत्रांतली बाई या दोन्ही गोष्टी करते, हे टिळकांच्या मनात होते की नव्हते कोण जाणे; पण गुरू आणि आई एकत्र आल्यावर ती तेथे आपोआप उभी राहते.

इथपर्यंत सारे गोड आहे. आता रमाबाईंकडे वळू, कारण त्यांच्यापाशी हा गोडवा थांबतो.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले, आणि त्या आईने रमाबाईंना शिकविले. म्हणजे या मुलीला विद्या खरोखरच आईच्या तोंडून मिळाली. दुष्काळात आईबाप आणि बहीण गेली. भाऊ-बहीण पायी हिंडत, पुराणे सांगत 1878 साली कलकत्त्यास पोचले. तेथल्या विद्वानांनी परीक्षा घेऊन वीस वर्षांच्या या मुलीला दोन पदव्या दिल्या : पंडिता आणि सरस्वती. ज्या समाजाने विद्येचे दैवत स्त्री मानले, त्याने एका जिवंत स्त्रीला त्या दैवताचे नाव दिले. याहून मोठा सन्मान कोणता?

आणि तरीही पाच वर्षांनी, 1883 मध्ये, इंग्लंडात वाँटेज येथे त्या ख्रिस्ती झाल्या. का? त्यांनी स्वतः दिलेले कारण असे की, धर्मशास्त्रे धुंडाळली तेव्हा त्यांचे आपसांत हजार मतभेद दिसले, पण एका गोष्टीवर एकमत आढळले : स्त्री जात वाईट, तिला वेदाचा अधिकार नाही, स्वतःच्या बळावर मोक्ष नाही. सरस्वतीची पूजा करणाऱ्या घरातच मुलीच्या हातून पाटी काढून घेतात. देवीला पातळ नेसविणाऱ्या गावातच बालविधवेचे केस उतरवितात. हे त्यांनी पाहिले होते, आणि 1887 साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयी इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकात ते जगापुढे मांडले. देवाचे रूप स्त्रीचे असल्याने स्त्रियांचे काय भले झाले, हा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न आज दोन्ही बाजूंनी ऐकण्यासारखा आहे. ख्रिस्ती जगात प्रज्ञेला स्त्री मानणारा अध्याय दोन हजार वर्षे वाचला गेला, आणि त्यातल्या बहुतेक काळात बहुतेक चर्चच्या व्यासपीठावर बायकांना बोलू दिले नाही.

नव्या धर्मातही रमाबाईंनी मान तुकविली नाही. वाँटेजच्या साध्वींशी त्रैक्यावर आणि चर्चच्या अधिकारावर त्यांचे पत्रोपत्री वाद झाले. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. मग 1889 साली मुंबईत शारदा सदन काढले. नाव पाहा, पुन्हा शारदा! पुढल्या वर्षी ते पुण्यास आले, 1893 मध्ये धर्मांतरावरून तेथे मोठा गदारोळ झाला, आणि 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणून रमाबाईंनी केडगावच्या माळावर मुक्ति सदन उभे केले. या वेळी नावात देवी नाही.

तेथेच त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. त्यासाठी वयाच्या उत्तरार्धात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. प्रचलित भाषांतराविषयी त्यांची तक्रार दुहेरी होती : ते पंडिती संस्कृत शब्दांनी जड झाले आहे, खेड्यातल्या बाईला कळत नाही, आणि त्यात असे शब्द आहेत की ज्यांना जुन्या देवदेवतांच्या कल्पना चिकटलेल्या आहेत. ज्या भक्तीच्या शब्दांना टिळकांनी प्रेमाने दार उघडले, तशाच शब्दांना रमाबाईंनी दारातच थांबविले. टिळक पुरुष होते, कवी होते. आईचा शब्द त्यांना मायेचा वाटला. रमाबाई स्त्री होत्या, विधवा होत्या. देवीच्या नावाने मिळणाऱ्या मानाची किंमत त्यांना चांगली ठाऊक होती. टिळकांच्या ओळी अधिक सुंदर, यात वाद नाही. परंतु मला विचाराल तर रमाबाईंच्या हट्टामागचे दुःख समजून घेतल्याशिवाय माउली हा शब्द ख्रिस्ती काय किंवा वारकरी काय, कोणीच सहज उच्चारू नये.

रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी वारल्या. संपूर्ण बायबल 1924 साली बाहेर पडले. ते छापले केडगावातच, सदनाच्या छापखान्यात. खिळे जुळविणाऱ्या, कागद चढविणाऱ्या, पाने शिवणाऱ्या त्या सदनातल्या मुली आणि बायका होत्या. कित्येकींना अक्षरओळखही तेथे आल्यावरच झालेली. नीतिसूत्रांचा नववा अध्याय, ज्यात ती प्रज्ञा घर बांधते आणि आपल्या दासींना हाका मारायला गावात पाठविते, तोही त्यांच्याच हातांनी जुळविला गेला.